गोठणबिंदूची साक्ष

पौष महिन्यातील एखादी कडाक्याच्या थंडीची सकाळ आठवून पाहा. न्हाणे झाल्यावर डोक्याला लावण्यासाठी आई खोबरेल तेलाची बाटली उलटी करते, दोनतीनदा झटकते. पण तेल काही केल्या बाहेर येत नाही. रात्री निजताना जे पाण्यासारखे हलत होते, ते पहाटे पांढरे, घट्ट, मेणासारखे होऊन बसलेले असते. मग बाटली कढत पाण्यात धरावी लागते किंवा अंगणातल्या उन्हात ठेवावी लागते. गंमत अशी, की त्याच घरात, त्याच फळीवर शेंगदाण्याच्या तेलाची बरणी असते, आणि तिच्यातले तेल मात्र खुशाल वाहत असते. घर एक, रात्र एक, थंडीही एकच. मग खोबरेल तेलानेच का थिजावे?

आपल्या भाषेत यासाठी दोन सुंदर क्रियापदे आहेत. तेल आणि तूप थिजते, पाणी गोठते. दोन्हींचा अर्थ एकच, की द्रव पदार्थ थंडीने घनरूप होतो. दूध विरजल्यावर त्याचे घट्ट दही होते, ते मात्र गोठणे नव्हे. दही उन्हात ठेवले म्हणून त्याचे पुन्हा दूध होत नाही. थिजलेले तूप ऊब लागताच पूर्ववत पातळ होते. गोठण्याची खूण हीच, की परतीची वाट मोकळी असते. ज्या तापमानाला शुद्ध द्रव गोठू लागतो त्याला त्याचा गोठणबिंदू म्हणतात, आणि त्याच तापमानाला तो घन पदार्थ वितळूही लागतो. जाण्याचा आणि येण्याचा उंबरठा एकच.

हा उंबरठा प्रत्येक पदार्थाचा निराळा असतो. (या पाठातील सर्व अंश सेल्सिअसचे समजावेत.) पाण्याचा गोठणबिंदू शून्य अंश. पूर्वी दारोदार येणारा कल्हईवाला भांड्याला जे कथील लावीत असे, ते २३२ अंशांना गोठते. लोखंड १५३८ अंशांना गोठते. म्हणजे आपल्या घरातला लोखंडी तवा हा एका अर्थी गोठलेलाच पदार्थ आहे. फक्त तो इतक्या प्रचंड उष्णतेत गोठतो, की आपल्याला त्याची आठवणही राहत नाही. दुसऱ्या टोकाला मद्यार्क आहे. तो शून्याखाली ११४ अंशांपर्यंत द्रवच राहतो. खोबरेल तेल साधारणपणे २४ अंशांच्या आसपास थिजू लागते, म्हणून ते आपल्या हिवाळ्यात सापडते. शेंगदाण्याच्या तेलाला त्याहून पुष्कळ अधिक थंडी लागते. तेव्हा ‘गोठणे म्हणजे फार थंड होणे’ ही आपली समजूत केवळ पाण्याच्या सहवासाने झालेली आहे.

आता तुम्हांला पाऱ्याची हकीकत सांगतो. ती सांगण्याचे कारण असे, की गोठणबिंदू शोधताना मोठमोठे विद्वान कसे फसले आणि कोणत्या युक्तीने सावरले, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

पारा हा धातू असूनही द्रव. तो स्वभावतःच द्रव आहे, कितीही थंडी पडली तरी गोठणार नाही, असा पुष्कळांचा समज होता. १७५९ च्या डिसेंबरात रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे हिवाळा अतिशय कडक पडला. तेथील ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञाने बर्फात नत्राम्ल मिसळून अधिकच थंड मिश्रण तयार केले आणि त्यात पाऱ्याचा तापमापक बुडवला. पारा खाली खाली जाऊ लागला आणि एके ठिकाणी थांबला, तो हलेचना. नळी फोडून पाहतात तो आत पाऱ्याची घट्ट गोळी! ती हातोडीने ठोकता येत होती. पाराही गोठतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

परंतु किती अंशांना? तापमापक तर शून्याखाली शेकडो अंश दाखवीत होता. एवढी थंडी पृथ्वीवर असू शकते काय? कित्येकांनी ते खरेही मानले. वस्तुतः झाले होते असे, की तापमापकातला पारा स्वतःच गोठला होता आणि गोठताना तो एकदम आक्रसतो. म्हणजे तो खाली उतरला तो थंडीमुळे नव्हे, तर रूप पालटल्यामुळे. ज्याने मोजायचे तोच मापाखाली आल्यावर त्याच्या बोलण्याला काय किंमत?

यातून वाट काढली ती इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांनी. त्यांची युक्ती साधी, पण अचूक होती. एका लहान काचनळीत पारा भरावा, त्या पाऱ्यात तापमापकाचा फुगा बुडवावा, आणि मग ती नळी थंड मिश्रणात ठेवावी. बाहेरचा पारा आधी गोठू लागेल. तो गोठत असेपर्यंत तापमापक एकाच अंशावर स्थिर उभा राहील; तोच पाऱ्याचा गोठणबिंदू. लंडनची थंडी या प्रयोगाला पुरेशी नव्हती. म्हणून उत्तर अमेरिकेत हडसनच्या उपसागरालगत असलेल्या ऑल्बनी नावाच्या ठाण्यावरील अधिकारी हचिन्स यांच्याकडे हे काम सोपवले गेले. १७८१-८२ च्या हिवाळ्यात त्यांनी ते पार पाडले. उत्तर आले, शून्याखाली सुमारे ३९ अंश. आजची अत्यंत सूक्ष्म उपकरणे ३८.८३ अंश सांगतात! शेकडो अंशांची ती भीषण थंडी कुठल्या कुठे विरून गेली.

या युक्तीचा सगळा भार एका गोष्टीवर आहे. शुद्ध द्रव गोठत असताना त्याचे तापमान बदलत नाही. हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. बाहेरून थंडी तर सारखी लागते आहे. मग तापमान उतरत का नाही?

त्याचे उत्तर त्याआधीच, १७६० नंतरच्या काही वर्षांत, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकांनी शोधले होते. त्यांनी दाखवून दिले, की बर्फ वितळताना पुष्कळ उष्णता गिळतो, पण त्याचे तापमान मात्र शून्यावरच राहते. एक ग्रॅम बर्फाचे एक ग्रॅम पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत कढत झाले असते. ही उष्णता तापमापकाला दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. ती नाहीशी मात्र झालेली नसते. पाणी पुन्हा गोठू लागले, की ते ती जशीच्या तशी परत करते. म्हणूनच गोठणाऱ्या द्रवाचे तापमान उतरत नाही. बाहेरची थंडी जेवढी उष्णता ओढून नेते, तेवढी आतून भरून येत असते.

या ८० कॅलरींचे महत्त्व आपल्या देशाने एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. कृत्रिम बर्फ करण्याचे कारखाने निघण्यापूर्वीची ही गोष्ट. १८३३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे गलबत निघाले. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यांवरचा बर्फ कापून त्यात सुमारे १८० टन भरला होता. भर उन्हाळ्यात, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते गलबत कलकत्त्यास पोहोचले, तेव्हाही त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. बर्फाभोवतीच्या आवरणाने बाहेरची उष्णता अडवली, हे खरेच. पण जी थोडीफार आत शिरली तिलाही दर ग्रॅमला ८० कॅलरींचा कर भरल्यावाचून बर्फ वितळवता आला नाही. पुढे मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, हा बर्फ साठवण्यासाठी समुद्रकिनारी बांधलेली इमारत अजून उभी आहे.

येथवर आपण शुद्ध पदार्थांविषयी बोललो. पण घरात, शेतात, समुद्रात, आपल्या शरीरात शुद्ध पाणी आढळते कोठे? कोठे त्यात मीठ विरघळलेले असते, कोठे साखर, कोठे आणखी काही. अशा मिश्रणाला द्रावण म्हणतात; आणि द्रावणाचा गोठणबिंदू हा या विषयातील खरा रसाळ भाग आहे.

वैशाख महिना, आमरस उरलेला, आणि घरात पाहुणे. अशा वेळी पूर्वी आइस्क्रीमचा पॉट बाहेर निघे. लाकडी बादलीत मधोमध धातूचा उंच डबा. डब्यात आटवलेले, साखर घातलेले दूध आणि आंब्याचा रस. भोवती फोडलेला बर्फ, आणि त्यावर मुठी मुठी भरून खडेमीठ. मग घरातल्या मुलांनी आळीपाळीने दांडा फिरवायचा. या मिठाविषयी मी वर्गात अनेकदा विचारले आहे, आणि ठरलेले उत्तर मिळाले आहे, ‘गुरुजी, मीठ थंड असते.’ एका वर्षी मी मिठाची वाटी आणि पाण्याची वाटी रात्रभर शेजारी ठेवून, सकाळी दोहोंत तापमापक बुडवून दाखवला. दोहोंचे तापमान सारखेच. मीठ थंड नसते. मग ते टाकायचे कशाला?

पहिली गोष्ट अशी, की नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होणारच नाही. डब्यातल्या दुधात साखर विरघळलेली असल्यामुळे ते शून्याला गोठत नाही. त्याला शून्याखाली दोनतीन अंश जावे लागते. आणि वितळणारा नुसता बर्फ शून्याच्या खाली उतरत नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत दांडा फिरवलात तरी डब्यात थंडगार दूधच राहील.

मीठ पडताच काय होते, हे समजण्यासाठी आपल्या शाळेचे मैदान डोळ्यांपुढे आणा. कवायतीच्या वेळी मुले ओळीने, ठरावीक अंतरावर उभी असतात. घन पदार्थातील रेणू असेच असतात. मधल्या सुटीत तीच मुले मैदानभर इकडून तिकडे धावतात. द्रवातील रेणू तसे. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी शेजारी असले, म्हणजे दोन्ही व्यवहार एकदम चालू असतात. काही रेणू बर्फाच्या रांगेतून निसटून पाण्यात येतात, तेवढेच पाण्यातले रेणू रांगेत जाऊन उभे राहतात. जमाखर्च बरोबर जुळतो. आता धावणाऱ्या मुलांत दुसऱ्याच शाळेची मुले मिसळली असे समजा. रांगेशी येणाऱ्यांत त्यांचीही भर पडते, पण त्यांना रांगेत जागा नाही. साहजिकच आपल्या शाळेची मुले रांगेत येण्याचा वेग कमी होतो. रांगेतून निसटणारी मात्र पूर्वीच्याच वेगाने निसटत राहतात. रांग विरळ होऊ लागते. मिठाच्या पाण्यात बर्फाची गत हीच होते. मिठाचे कण बर्फाच्या रचनेत सामावत नाहीत. पाण्याचे परतणे मंदावते, आणि बर्फ भराभर वितळू लागतो.

पण वितळायचे तर ग्रॅममागे ८० कॅलरी हव्यात. त्या आणायच्या कोठून? जवळ जे असेल त्यातून, म्हणजे भोवतीच्या खाऱ्या पाण्यातून, उरलेल्या बर्फातून आणि मधल्या डब्यातून. डब्यातले दूध गोठते ते यामुळे. मीठ थंडी आणत नाही. ते बर्फाला वितळायला लावते, आणि वितळणारा बर्फ शेजाऱ्यांची उष्णता ओढून घेतो. बादलीतले तापमान उतरत उतरत नव्या तोलापर्यंत जाते. मीठ भरपूर असेल आणि बाहेरची उष्णता नीट अडवली असेल, तर ते शून्याखाली २१ अंशांपर्यंतही पोहोचू शकते. त्यापलीकडे नेणे मात्र मिठाच्या शक्तीबाहेरचे आहे.

अशी थंड मिश्रणे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. फॅरेनहाइट यांनी १७२४ साली आपल्या तापमापकाचा जो शून्य अंश वर्णिला, तो बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा. आमचा कल्हईवाला भांडे तापवून त्यात जो नवसागर टाकी, तोच हा. त्यामुळे त्या मापात साधे पाणी ३२ अंशांना गोठते, आणि परीक्षेत रूपांतराचे गणित सोडवताना तो ३२ वजा करण्याचा त्रास आजही मुलांच्या वाट्याला येतो.

मिश्रण गोठणबिंदू उतरवते, हे कळले. पण किती उतरवते, याला काही नियम आहे काय? कॅव्हेंडिश यांचे साहाय्यक चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ साली निरनिराळ्या क्षारांची द्रावणे गोठवून पाहिली. पाणी तेवढेच ठेवून मीठ दुप्पट केले, तर गोठणबिंदूही जवळजवळ दुप्पट खाली जातो, असे त्यांना आढळले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी फ्रान्समधील राऊल्ट यांनी या नियमाचे मर्म उघड केले. विरघळलेल्या पदार्थाचे वजन किती याला महत्त्व नाही, त्याचे नावगावही विचारायचे नाही. त्याचे कण किती, एवढेच मोजायचे.

उदाहरण घेऊ. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर विरघळवली, तर गोठणबिंदू सुमारे एक तृतीयांश अंशच खाली जातो. त्याच पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवले, तर तो जवळजवळ साडेतीन अंश खाली जातो. वजन सारखे, परिणाम दहा पट! कारण उघड आहे. साखरेचा रेणू मोठा आणि जड, म्हणून ६० ग्रॅममध्ये त्यांची संख्या थोडी. मिठाचे घटक हलके; शिवाय पाण्यात पडताच मीठ दुभंगते आणि त्याचे सोडियम व क्लोरिन हे दोन भाग स्वतंत्रपणे हिंडू लागतात. मैदानात शिरलेली परकी मुले किती वजनाची आहेत यावर गोंधळ अवलंबून नसतो. ती किती आहेत यावर असतो.

मिठाला बर्फात जागा नाही, असे मी म्हणालो. त्याचा पडताळा तुम्हांला सहज घेता येईल. सुटीत मिळणारी गोठवलेल्या रंगीत सरबताची कांडी तुम्ही चोखली असेलच. थोडा वेळ चोखल्यावर तिचा रंग आणि गोडी निघून जाते आणि हाती फिकट, बेचव बर्फ उरतो. विक्रेत्याने फसवले, असे वाटून काही मुले रागावतात. त्यात त्याचा दोष नाही. सरबत गोठताना आधी पाणीच रांगेत उभे राहते आणि साखर व रंग बाहेर ढकलले जातात. बर्फाच्या कणांमधल्या फटींत जो पाक उरतो, तो आपण आधी ओढून घेतो. समुद्राचेही तसेच. खारट पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली सुमारे १.९ अंश. ध्रुवप्रदेशात समुद्र गोठतो तेव्हा बर्फातून मीठ हळूहळू गळून जाते, आणि काही वर्षांचा जुना झालेला बर्फ वितळवला तर त्याचे पाणी पिता येते.

कणांची संख्या गोठणबिंदू ठरवते, तर गोठणबिंदू पाहून कणांची संख्या ओळखता येणार नाही काय? येते, आणि या उलट्या वाटेचा उपयोग तुमच्या आमच्या पेल्यातल्या दुधापर्यंत पोहोचला आहे.

दुधात पाणी घालण्याची लबाडी फार जुनी. ती पकडण्यासाठी लॅक्टोमीटर वापरतात, हे तुम्ही पाहिले असेल. पाण्यापेक्षा दूध किंचित जड असते. पाणी मिसळले की ते हलके होते आणि लॅक्टोमीटर अधिक बुडतो. परंतु लबाड माणूस त्यालाही चकवतो. तो आधी दुधावरची साय काढून घेतो. साय हलकी असल्यामुळे उरलेले दूध मुळापेक्षा जड होते. मग त्यात बेताने पाणी घातले, की लॅक्टोमीटर पुन्हा चांगल्या दुधाच्या खुणेवर येऊन उभा राहतो. सायही गेली, पाणीही आले, आणि साक्षीदार म्हणतो सारे ठीक आहे!

गोठणबिंदू अशा फसवणुकीला बळी पडत नाही. चांगले दूध शून्याखाली अर्ध्या अंशाहून थोडे अधिक, म्हणजे ०.५२ ते ०.५५ अंशांच्या आसपास गोठते. गाय आणि म्हैस यांच्या दुधात स्निग्धांश कितीतरी कमीजास्त असतो. चाऱ्याप्रमाणे, ऋतूप्रमाणेही दूध बदलते. पण हा आकडा फारसा हलत नाही. याचे कारण मोठे मनोरम आहे. जनावराच्या कासेत दूध तयार होताना त्यातील विरघळलेल्या कणांचे प्रमाण रक्तातील प्रमाणाशी तोल धरून असते. आणि रक्तातील ते प्रमाण शरीर मोठ्या दक्षतेने सांभाळते. साय तर पाण्यात विरघळलेलीच नसते. ती काढली काय आणि ठेवली काय, गोठणबिंदूला तिची दखल नाही. पण पाणी घातले, की कण विरळ होतात आणि गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. दहा भागांत एक भाग पाणी असेल, तर ०.५३ चा ०.४८ होतो. फरक अंशाच्या विसाव्या हिश्शाचा. पण ज्या उपकरणाने हे तपासतात ते अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते.

ते उपकरण काम कसे करते तेही पाहण्याजोगे आहे. थोडेसे दूध नळीत घेऊन ते गोठणबिंदूच्याही खाली, शून्याखाली दोनतीन अंशांपर्यंत, अलगद थंड करतात. आश्चर्य म्हणजे ते लगेच गोठत नाही. बर्फाचा पहिला कण जमायला निमित्त हवे असते. मग त्याला एक धक्का देतात. क्षणात बर्फाचे कण फुलतात, आणि तापमान उतरण्याऐवजी झपाट्याने वर चढते! ब्लॅक यांची अप्रकट उष्णता येथे प्रकट होते. चढता चढता ते एके ठिकाणी थबकते, तोच दुधाचा गोठणबिंदू. हडसनच्या उपसागराजवळ गोठणाऱ्या पाऱ्यात उभ्या केलेल्या तापमापकाची आठवण तुम्हांला झाली असेल.

हा साक्षीदारही अगदीच अचूक आहे असे समजू नका. पाण्याबरोबर मोजून मीठ किंवा साखर घातली, तर कणांची संख्या पुन्हा भरून काढता येते. म्हणून दुग्धालयात मीठ, साखर, युरिया यांसाठी निराळ्या परीक्षा घ्याव्या लागतात. लबाडी आणि शास्त्र यांची ही शर्यत अजून संपलेली नाही.

लडाखसारख्या प्रदेशात हाच नियम गाड्यांचे रक्षण करतो. इंजिन निववण्यासाठी त्यात जे पाणी फिरते, ते गोठले तर अनर्थ होईल. कारण ११ भाग पाण्याचा गोठून सुमारे १२ भाग बर्फ होतो आणि तो पोलादालाही तडा घालू शकतो. म्हणून पाण्यात तेवढेच ग्लायकॉल मिसळतात. मग ते मिश्रण शून्याखाली सुमारे ३६ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल विषारी असते, एवढे लक्षात ठेवा. गोडसर चवीमुळे जनावरे ते पितात आणि दगावतात.

माणसाने मीठ आणि ग्लायकॉल वापरले. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रातील मासे काय करीत असतील? तेथील पाणी वर्षभर शून्याखाली १.९ अंशांच्या आसपास असते. माशाच्या रक्तातील क्षारांचा आपल्या नियमाने हिशेब केला, तर ते शून्याखाली एका अंशाच्या आसपासच गोठायला हवे. म्हणजे त्या पाण्यात पोहणारा मासा केव्हाच दगडासारखा व्हायला पाहिजे. तो तर जिवंत आहे! आर्थर डीव्हरीस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात या कोड्याचा छडा लावला. या माशांच्या रक्तात एक विशेष प्रकारचे प्रथिन असते. त्याच्या कणांची संख्या इतकी थोडी, की ब्लॅग्डेन आणि राऊल्ट यांच्या नियमाप्रमाणे त्याने काहीच व्हायला नको. पण हे प्रथिन मोजणीच्या भानगडीत पडतच नाही. रक्तात बर्फाचा बारीकसा कण तयार झाला, की ते त्याच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटते आणि नव्या रेणूंना त्या रांगेत उभे राहू देत नाही. अशा माशांच्या शरीरात बर्फाचे सूक्ष्म कण प्रत्यक्ष सापडले आहेत. ते तेथे असतात. पण वाढत नाहीत, आणि मासा पोहत राहतो.